पाणकणसातला जांभळा बगळा

[दृश्य: पहाट, नांदूर मध्यमेश्वर. पाण्यावर धुकं, मागे पाणकणसाची दाट रांग.]

समोरच्या पाणकणसात एक जांभळा बगळा उभा आहे. नीट बघा. मान विटकरी रंगाची, तिच्यावर वरून खाली उतरलेल्या काळ्या रेघा. पाणकणसाचे सुके दांडे आणि त्यांच्यामधल्या सावल्याही तशाच उभ्या. चाहूल लागली की हा पक्षी लगेच उडत नाही. मान ताणून, चोच वर करून तो दांड्यांमध्ये दांडा होऊन जातो. म्हणून काठावरून पक्षी मोजणाऱ्यांच्या यादीत राखी बगळे भरपूर आणि जांभळे दोन-तीनच येतात.

नावातला जांभळा रंग मात्र शोधू नका. पाठ राखाडी-करडी, मान आणि खांदे तांबूस, डोक्यावर काळी टोपी. लांबी ७८ ते ९० सेंटीमीटर, वजन अर्ध्या किलोपासून सव्वा-दीड किलोच्या आत. राखी बगळ्यापेक्षा हा अंगाने बारीक, चोचीने अरुंद. उडताना ओळखायचा तर गळा बघा. दुमडलेली मान खाली पोत्यासारखी लोंबते, आणि मागे पायांची मोठी बोटं फाकलेली दिसतात.

[दृश्य: तरंगत्या वनस्पतींवरून चालणारे पाय, अगदी जवळून.]

ही बोटं म्हणजे त्याच्या अधिवासाची किल्ली. लांब बोटांवर वजन पसरतं, त्यामुळे आडव्या पडलेल्या दांड्यांवरून, तरंगत्या पाल्यावरून तो न बुडता चालतो. मधल्या बोटाच्या नखाला फणीसारखे बारीक दाते असतात. वाम किंवा शिंगीचा चिकट लेप पिसांना लागला, की अंगावरच्या भुकटीसारख्या पिसांची पूड त्यावर चोळायची आणि या फणीने विंचरून काढायची.

शिकार वीतभर पाण्यात. मासे, बेडूक, पाण्यातले साप, किडे, कधी उंदीरही. मानेचा सहावा मणका लांब असतो. मानेला तिथे बिजागरीसारखी घडी पडते, आणि ती सुटली की चोच बाणासारखी पुढे जाते. बकध्यान म्हणतात त्यामागे ही यंत्रणा आहे.

[दृश्य: जगाचा नकाशा.]

जांभळा बगळा दक्षिण आणि मध्य युरोप, आफ्रिका, मादागास्कर, आणि आपल्या उपखंडापासून चीन, फिलिपिन्स, इंडोनेशियापर्यंत आहे. अमेरिका खंडांत आणि ऑस्ट्रेलियात तो राहत नाही. युरोपातले पक्षी हिवाळ्यात सहारा ओलांडून साहेलच्या पट्ट्यात जातात. तिथे दुष्काळ पडला, की पुढच्या उन्हाळ्यात नेदरलँड्समधली घरटी कमी होतात. घरट्याची जागा शाबूत असूनही पक्षी घटतात, ते असे. केप व्हर्दच्या सांतियागो बेटावर तर पाणकणसाशिवाय, मोजक्या मोठ्या झाडांवर घरटी करणारी एक छोटीशी वेगळी उपजात आहे.

आपल्याकडचा पक्षी बहुतेक स्थानिक. पाणी जाईल तसा सरकतो. गोव्यातल्या करमळीच्या तळ्यावर, उरणच्या पाणथळीत, उजनीच्या फुगवट्याच्या कडेला तो भेटतो.

नांदूर मध्यमेश्वर कशाने बनलं ते इथे महत्त्वाचं आहे. निफाड तालुक्यात गोदावरी-कादवा संगमाजवळ ब्रिटिशांच्या काळात बंधारा झाला. मागे गाळ साचत गेला, गाळाची बेटं झाली, बेटांभोवती उथळ पाणी आणि पाणकणीस. साठवणीच्या हिशोबात हा तोटाच, पण याच गाळाने पाणथळ घडवली. २०२० साली ती महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून जाहीर झाली.

[दृश्य: पाणकणसाचं बेट, दुरून.]

आता घरटं. उत्तर भारतात वीण जून ते ऑक्टोबर, दक्षिणेत नोव्हेंबर ते मार्च. पक्षी जुने, सुकलेले दांडे आडवे वाकवतो आणि त्यांचा माच करतो. यंदा उगवलेले कोवळे दांडे हा भार पेलत नाहीत. त्यासाठी दोन-तीन वर्षांची न कापलेली वाढ लागते, बुंध्याशी उभं पाणी असलेली. अंडी साधारण चार-पाच, निळसर हिरवी. उबवण सुमारे २६ दिवस, पिल्लं उडायला आणखी ४५ ते ५० दिवस. म्हणजे जवळजवळ अडीच महिने पाण्याची पातळी फार हलून चालत नाही. पाणी अचानक वाढलं तर खालची घरटी बुडतात. उतरलं तर कुत्री, कोल्हे, मुंगूस कोरड्या पायांनी आत शिरतात. पहिल्या अंड्यापासूनच उबवण सुरू होत असल्याने पिल्लं मागेपुढे निघतात, आणि अन्न कमी पडलं की सगळ्यात धाकटं आधी मरतं.

या दिवसांत होडी आत घालू नका. मोठे पक्षी उठले, की कावळे अंड्यांवर येतात. मोजायचं असेल तर सूर्योदयाला आणि संध्याकाळी दूर उभं राहून, बेटातून बाहेर जाणाऱ्या आणि आत येणाऱ्या पक्ष्यांची नोंद घ्या.

जलपर्णीबद्दल एक गैरसमज आहे. बगळा तिच्यावर चालताना दिसतो, म्हणून ती त्याला हवीच असं वाटतं. कडेची थोडी चालते. पण तिने तळं झाकलं, की पाण्यातला प्राणवायू घटतो, मासे मरतात आणि चोच मारायला उघडं पाणीच उरत नाही. ती काढाच. तळ्याच्या सुशोभीकरणात मात्र जलपर्णीबरोबर पाणकणीसही कचरा म्हणून उपसलं जातं आणि काठाला दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचं अस्तर होतं. उतार गेला की वीतभर पाणी जातं. मग त्या तळ्यावर हा बगळा शिकारीलाही थांबत नाही.

पाणकणीस फार माजलं तर कापायला हरकत नाही. वीण पूर्ण संपू द्या. एका वर्षी बेटाचा एकच पट्टा घ्या, बाकीचं जुनं राहू द्या. कापणाऱ्यांना एक गोष्ट काम सुरू होण्याआधी काठावरच दाखवून द्या. विळा पाण्याच्या वर चालला पाहिजे. दांडा पाण्याखाली कापला, की पोकळ खुंटात पाणी भरतं, गड्ड्याला हवा पोचत नाही आणि तो कुजतो. पुढच्या वर्षी तिथून कोंब येत नाही.