इतर नावाची पाचवी

श्रोतेहो, नमस्कार. कॉलेजसाठी घर सोडून शहरात खोली घेतलेल्या मुलामुलींना हातातले पैसे महिनाअखेरपर्यंत कसे पुरवायचे, हा आजचा विषय. भाडं, फी, प्रवासाचा पास यांचे पैसे पहिल्याच दिवशी बाजूला काढायचे, हे तुम्हाला घरून निघतानाच सांगितलेलं असणार. त्यात मी एवढीच भर घालते की उरलेल्या पैशांचे चार नाही, पाच भाग करा. चार आठवडे म्हणजे अठ्ठावीस दिवस. महिना बहुतेक वेळा त्याहून दोन-तीन दिवस मोठा असतो, आणि ते दोन-तीन दिवस फार लांब असतात. लक्षात ठेवा, चार नाही, पाच.

आता मला जे सांगायचंय ते सांगते. आम्ही एका खोलीत चौघी राहायचो. त्यातली एक आमच्याहून एक वर्ष पुढे होती. तिला आम्ही मुनीमबाई म्हणायचो, कारण तिने दाराच्या खिळ्याला दोरीने एक वही टांगली होती आणि वहीला पेन बांधलं होतं. नियम असा की बाहेरून आलं की चपला काढायच्या आधी खर्च लिहायचा. चपला काढल्या की माणूस आडवा होतो, आणि आडव्या माणसाला काही आठवत नाही, असं तिचं म्हणणं. जाता जाता सांगते, पेन बांधूनच ठेवावं. उसनं दिलेलं पेन परत आल्याचं मी आयुष्यात पाहिलेलं नाही.

तर मी लिहायचे. पण कसं? घाईघाईने एक आकडा, आणि त्याच्यापुढे ‘इतर’. परवा इतर, काल इतर, आज दोनदा इतर. वर मनात अभिमान, की बघा, मी हिशेब ठेवते!

महिना संपला. मुनीमबाईने वही दोरीवरून सोडली, मांडी घालून बसली आणि बेरजा केल्या. मग चष्मा वर करून मला विचारलं, “अगं, आपण खोलीत चौघी राहतो ना?”

“हो.”

“मग ही इतर कोण? माझ्याहून जास्त खर्च करते ही. जवळजवळ भाड्याएवढा. पाचवी आहे तर भाडंही दे म्हणावं.”

बाकीच्या दोघी हसून गादीवरून खाली. पुढचे कित्येक दिवस मला “इतरबाई आल्या का?”, “इतरबाई, दिवा घालवा” असं चाललं होतं. पण त्या रात्री मुनीमबाईने मला झोपू दिलं नाही. म्हणाली, एकेक इतर आठव, आणि त्याच्यापुढे कशावर खर्च केला ते नको, का केला ते लिही.

लिहायला बसले. भाड्याची गाडी केली. का? बस चुकली. पाण्याची बाटली विकत घेतली. का? भरलेली बाटली टेबलावर राहिली. बाहेर खाल्लं. का? न खाता निघाले. झेरॉक्स काढल्या. का? पहिला तास बुडाला, दुसरीच्या वहीतून नोट्स घ्याव्या लागल्या. छत्री घेतली. का? घरातली घरात राहिली. त्या पावसाळ्यात माझ्याकडे तीन छत्र्या झाल्या होत्या, आणि भिजले मी तरीही.

पानभर झालं तेव्हा मुनीमबाईने सगळ्या ‘का’वरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “तू उधळी नाहीस गं. तू उशिरा उठतेस.”

अहो, मी स्वतःला खर्चिक समजत होते! मन मारायचं, हौस सोडायची, असले निश्चय करत होते. आणि पैसे जात होते ते सकाळच्या अर्ध्या तासात. दुसऱ्या दिवसापासून माझं गजराचं घड्याळ खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, रिकाम्या लोखंडी बादलीत ठेवलं गेलं. घड्याळ बादलीत वाजतं तेव्हा काय आवाज होतो, ते बाकीच्या दोघींना विचारा. त्यांनी आठवडाभर माझ्याशी धड बोलणं टाकलं. पण पुढच्या महिन्यात इतरचा आकडा निम्म्याहून खाली आला, आणि मी एकही हौस सोडली नव्हती.

म्हणून पुन्हा सांगते: रकमेपुढे ‘का’ लिहा. ‘इतर’ लिहू नका. हल्ली मोबाइल खर्चाची यादी आपोआप करतो, पण पैसे कुठे गेले एवढंच त्याला कळतं. का गेले, ते तुम्हालाच लिहावं लागतं.

बाकीचं आता भराभर. मित्रमंडळींत टीटीएमएम करा, तुझं तू माझं मी. बिल सारखं वाटून घेण्यात मोठं मन दिसतं म्हणतात. मला त्यात एवढंच दिसतं की ज्याने सगळ्यात कमी मागवलं, तो बाकीच्यांचं भरतो.

वीजबिल वेगळं भरत असाल तर दिव्यावरून भांडू नका. ९ वॅटचा एलईडी दिवा १ युनिटमध्ये शंभर तासांहून जास्त जळतो. २००० वॅटचा पाणी तापवायचा हीटर तेच युनिट अर्ध्या तासात संपवतो. भांडायचंच असेल तर गरम पाण्यावरून भांडा. आमच्या वेळी हे कुणाला सुचलं नाही, आम्ही दिव्यावरूनच भांडलो.

आणि उधारी. कार्ड असो की ॲप, महिन्याला ३ टक्के व्याज ऐकायला किरकोळ वाटतं. काहीच फेडलं नाही तर व्याजावर व्याज चढत वर्षात ते ३६ नाही, ४२ टक्क्यांच्या वर जातं. महिन्याला ३, वर्षाला ४२ च्या वर. “किमान रक्कम भरा” असं बिलावर छापलेलं असतं, तो सल्ला देणाऱ्याच्या सोयीचा आहे, तुमच्या नाही.

काचेपलीकडून मला हात दाखवताहेत, वेळ संपली म्हणून. अनामत रकमेचं राहिलंच. एवढंच करा, खोलीत सामान टाकायच्या आधी भिंती, नळ, खिडक्या, कड्या यांचे फोटो काढा आणि त्याच दिवशी घरमालकांना पाठवून ठेवा. आधीपासून असलेल्या तड्याचे पैसे मी भरलेत, पण ती गोष्ट मोठी आहे. नमस्कार.