हिमनग रंगवताना

हिमनगांच्या या चित्राचा हा उजवीकडचा कोपरा नीट बघा. बर्फाच्या कमानीखालचं पाणी हिरवं आहे, भेगेत निळा उतरलाय, आणि मागच्या कड्यावर उतरतं ऊन पडलंय तिथे पिवळट गुलाबी झाक. नुसता पांढरा शोधायला गेलात तर फार थोडा सापडेल.

फ्रेडरिक चर्च या अमेरिकन चित्रकाराचं हे 'द आइसबर्ग्ज', १८६१ सालचं. पावणेतीन मीटरहून जास्त रुंद, आज डॅलसच्या म्युझियममध्ये आहे.

आता ही स्केचेस. १८५९ च्या उन्हाळ्यात चर्च न्यूफाउंडलंड आणि लॅब्राडॉरच्या किनाऱ्याला गेला, शिडाचं जहाज भाड्याने घेतलं आणि होडीतून हिमनगांच्या जवळ जाऊन पेन्सिलने, तेलरंगात स्केच करत राहिला. होडी डोलतेय, ऊन सरकतंय, रंग बघता बघता बदलतोय, तपशिलाला वेळच नाही, म्हणून फटकारे बघा किती भराभर मारलेत, पण उजेड बर्फात कुठून शिरतो आणि सावली कुठे निळी होते ते बरोब्बर धरलंय. हे तिथे जाऊन बघितल्याशिवाय येत नाही, खरंच नाही येत. दाट बर्फातून उजेड लांबवर जातो तेव्हा त्यातला लाल भाग शोषला जातो आणि निळा उरतो, चर्चने ते डोळ्यांनी टिपलं.

स्टुडिओत चित्रकाराचा हा हात करतोय ते ग्लेझिंग, म्हणजे पारदर्शक रंगाचे पातळ थर एकावर एक देणं. आधी पांढऱ्या-करड्यात उजेड आणि सावली पक्की करायची, वाळू द्यायची, मग तेलात पातळ केलेला पारदर्शक निळा, तो वाळला की हिरव्याचा हात, आणि परत थांबायचं. उजेड या थरांतून आत जातो, खालच्या पांढऱ्यावरून रंग घेऊन परत येतो, म्हणून बर्फ आतून उजळलेला वाटतो. तोच निळा पांढऱ्यात कालवून एकदम लावला तर चुना फासलेल्या भिंतीसारखा मठ्ठ दिसतो. थर वाळायला दिवस जातात, जाऊ द्यावेत. सगळ्यात उजळ पांढरा शेवटी, जाड, आणि फक्त ऊन थेट लागतंय त्या कडेला.

चर्चच्या चित्रात पुढे दिसणारी मोडकी डोलकाठी आधी नव्हती, १८६३ ला लंडनमध्ये चित्र दाखवायच्या आधी त्याने ती घातली. तिच्या तपकिरीमुळे शेजारचा बर्फ अजून गार वाटतो.

न्यूयॉर्कला चित्र मांडलं तेव्हा अमेरिकेतलं यादवी युद्ध नुकतंच सुरू झालं होतं, ते विकलं गेलं नाही, मग इंग्लंडला गेलं, विसरलं गेलं, १९७९ मध्ये मँचेस्टरला सापडलं आणि २५ लाख डॉलरला विकलं.

चर्चची पुष्कळ स्केचेस न्यूयॉर्कच्या कूपर ह्युइट म्युझियममध्ये आहेत, ऑनलाइनही दिसतात. बर्फ रंगवायला घेणार असाल तर मोठ्या चित्राच्या आधी ती बघा.