न खाजणारा चट्टा

(हातातलं बॉलपेन कॅमेऱ्यासमोर धरून)

नमस्कार. हे साधं बॉलपेन. ओपीडीत मी त्याने केसपेपर लिहिते आणि त्यानेच कुष्ठरोगही तपासते. कसा, ते सांगते.

परळ भागातून एक ताई आल्या होत्या. घरी पोळ्यांच्या ऑर्डरी घ्यायच्या. करंगळीवर मोठा फोड. विचारलं, कधी भाजलं? म्हणाल्या, "तेच तर कळलं नाही. रात्री भांडी घासायला बसले तेव्हा दिसला."

बाही वर करायला लावली. कोपराखाली फिकट चट्टा, कडा जराशी लालसर. दोन वर्षं होता. गजकर्ण समजून दुकानातून मलम आणून लावत होत्या. खाजत नाही, दुखत नाही, मग पोळ्या टाकून दवाखान्यात कोण येणार? माझा त्यांच्यावर अजिबात राग नाही. हा आजार असाच फसवतो. गजकर्ण खाजतं म्हणून माणूस धावत येतो. कोडाचा डाग पांढरा पडतो, पण तिथे स्पर्श नीट कळतो. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर तो कमी होतो किंवा जातोच.

मी त्यांना डोळे मिटायला सांगितलं. "पेन टेकवीन, जिथे लागेल तिथे बोट ठेवा." चट्ट्याबाहेर टेकवलं, बोट बरोबर तिथेच. चट्ट्यावर टेकवलं, हात जागचा हलला नाही. "डॉक्टर, सुरू केलंत का?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा माझं तीनदा पेन टेकवून झालं होतं.

मग नसा. कोपर आपटलं की झिणझिण्या येतात ना, तिथली नस चाचपली. दोरीसारखी जाड लागली, दाबल्यावर दुखलीही. करंगळीची संवेदना याच नसेवर चालते. तव्याचा चटका का कळला नाही, त्याचं उत्तर तिथे होतं.

बधिर चट्टा, किंवा जाड झालेली नस आणि तिच्या भागातली बधिरता, एवढ्यावर निदान होऊ शकतं. काहींना मात्र बधिर चट्टा नसतोच. अंग तेलकट चमकतं, कानाच्या पाळ्या जाड होतात, गाठी येतात. तेव्हा पाळीला बारीकशी चीर देऊन द्रव काचेवर घेतात आणि जंतू शोधतात.

हा जंतू डॉक्टर हॅन्सेन यांनी नॉर्वेत 1873 साली पाहिला. मुंबईत वडाळ्याचं ॲकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय 1890 चं. त्या काळी पक्कं औषध नव्हतं, माणसांना वेगळं ठेवत. आज एमडीटी, म्हणजे अनेक औषधांचा एकत्र उपचार, आहे: रिफॅम्पिसिन, डॅप्सोन, क्लोफॅझिमिन. सरकारी आणि पालिकेच्या दवाखान्यांत मोफत. आजार थोडा असेल तर 6 महिने, जास्त पसरला असेल तर 12. लघवी लालसर होईल, कातडी काळपट पडेल. घाबरू नका, दोन्ही औषधामुळेच, आणि काळपटपणा पुढे हळूहळू उतरतो. उपचार सुरू झाले की लागण पसरणं लवकरच थांबतं. त्यामुळे ताट वेगळं, अंथरूण वेगळं, हे कृपा करून करू नका. माणूस त्यानेच जास्त खचतो.

एक गोष्ट मी प्रत्येक पेशंटला दोनदा सांगते. उपचार चालू असताना, कधी संपल्यावरही, चट्टे अचानक लाल होऊन सुजतात, नस ठणकते, ताप येतो. याला रिॲक्शन म्हणतात. लोकांना वाटतं औषध बाधलं, आणि गोळ्या बंद करतात. बंद करायच्या नाहीत, लगेच दवाखान्यात यायचं. नस वाचवायला स्टिरॉइड द्यावं लागतं. नुकसान नवं, सहा महिन्यांच्या आतलं असेल तर ताकद आणि स्पर्श परत यायची चांगली आशा असते. उशीर झाला तर बोटं वाकडी होऊन तशीच राहू शकतात.

ताईंनी 12 महिने गोळ्यांचं एकही पाकीट चुकवलं नाही. घरच्या सगळ्यांना तपासलं, कुणालाच काही निघालं नाही. चट्ट्यावर स्पर्श थोडा परतला, करंगळीवर मात्र पुरता नाही. म्हणून तवा सांडशीनेच धरतात, पोळी चिमट्याने उलटतात, आणि रात्री झोपण्याआधी दिव्याखाली दोन्ही हात उलटसुलट करून फोड आलाय का ते बघतात.