पऱ्हाटीवर ड्रोन, रिमोट ताईंच्या हातात

हे सहा पंख्यांचं धूड धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, उठतंय ना, त्याचा रिमोट बचत गटातल्या ताईंकडे आहे. मागे औषधाची टाकी भरतायत ते दादा सहायक, पायलट ताईच. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वर दोनेक मीटर उंची धरून ड्रोन औषध फवारत सरळ जातो, टोकाला वळतो, परत येतो आणि दहा लिटरच्या टाकीत जवळपास एकर उरकतो. पाठीवरच्या पंपाला तेवढ्याच रानाला दीडशे-दोनशे लिटर पाणी लागतं आणि ते डोक्यावरून आणायचं कोणी, तर बायांनीच.

आता उडवायच्या आधीचं काम बघा, खरं कसब तिथंय. ताई रिमोट घेऊन वावराच्या कडेनं फिरतायत, कोपऱ्याकोपऱ्यावर खूण टाकतायत, विहीर, बाभूळ, विजेचा खांब वगळतायत, मग वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्र वर धरतात कारण वारा जास्त असला की औषध शेजाऱ्याच्या वावरात आणि भांडण आपल्या दारात. पाण्याचा पीएच, म्हणजे आम्लपणा, बघायचा, औषध उडवणारे नोझल तपासायचे, बॅटरी लावायची. ती काही मिनिटांतच उतरते, म्हणून किटमध्येच जास्तीचे 4 संच येतात.

हे सगळं 15 दिवसांत शिकवतात, 5 दिवस ड्रोन उडवणं आणि 10 दिवस शेतातली फवारणी. केंद्राची 'नमो ड्रोन दीदी' योजना, 15,000 बचत गटांसाठी, ड्रोनच्या किमतीत 80 टक्के, जास्तीत जास्त 8 लाखांपर्यंत मदत, उरलेल्यासाठी कर्ज काढता येतं. बायांचं ट्रेनिंग म्हटलं की आपल्याकडे शिलाई नाहीतर पापड-लोणची, त्यापुढे कोणाचं डोकंच चालत नव्हतं!

फवारणीला एवढं महत्त्व का, ते यवतमाळला विचारा. 2017 च्या हंगामात पऱ्हाटी डोक्याइतकी वाढली होती, पंप पाठीवर, तोंडाला साधा रुमाल, औषध वरून अंगावर. विषबाधेनं शेकडो शेतकरी-मजूर दवाखान्यात गेले, वीसहून जास्त दगावले. इथं औषधाच्या फवाऱ्यात माणूसच नाही, ताई लांब धुऱ्यावर उभ्या आहेत.

रोजानं पंप मारणाऱ्यांचं काम मात्र कमी होणार, त्यांच्यासाठीही काहीतरी व्हायला हवं.

तिकडे दुसरी बॅटरी लागली. योजनेचा हिशेब दिवसाला 20 एकरांचा आहे.