हळदीकुंकू आणि गुलाबसिर

(दृश्य : नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मधमेश्वर. पहाटेचं धुकं, पाणथळीवर बदकांचा थवा.)

थंडीतली सकाळ. गोदावरी आणि कादवा एकत्र येतात, तिथलं हे पाणी. या दिवसांत थापट्या आणि तलवार बदकं लांबलांबून इथे उतरतात आणि ती बघायला माणसंही लांबून येतात. या पाहुण्यांच्या गर्दीत एक बदक मात्र घरचं आहे, बाराही महिने इथलंच.

(दृश्य : चोचीचा जवळून टिपलेला भाग.)

याची चोच नीट बघा. काळी चोच, टोकाला हळदीचा पिवळा रंग, आणि चोच कपाळाला टेकते तिथे दोन्ही बाजूंना कुंकवाचा एकेक ठिपका. म्हणून हे हळदीकुंकू बदक. कुणी धनवरही म्हणतं. असं घरगुती नाव रोज डोळ्यांसमोर असणाऱ्या पक्ष्यालाच मिळतं.

नर-मादी जवळजवळ सारखीच. पाण्यात डोकं खुपसायचं, शेपूट आभाळाकडे करायची आणि पाणवनस्पती खुडायच्या, हा दिवसभराचा उद्योग. भाताच्या खाचरातही ती उतरतात. घरट्यासाठी याच्या फार अटी नाहीत. पाण्याजवळ थोडं दाट गवत मिळालं की झालं, मग ते गावतळ्याच्या काठचं असलं तरी चालतं.

(दृश्य : उत्तर बिहार. नदीकाठ, शेतं, मधूनच उंच गवताचा पट्टा.)

दुसऱ्या बदकाचं मात्र तसं नव्हतं.

गुलाबी डोक्याचं बदक. हिंदीत गुलाबसिर, बंगालीत साकनाल. आपल्या महाराष्ट्राचं हे कधीच नव्हतं. गंगेच्या उत्तरेचा सखल मुलूख, म्हणजे पूर्णिया, मालदा, दरभंगा, आणि पुढे ब्रह्मपुत्रेचं खोरं, ही त्याची मुख्य वस्ती. हत्ती दिसेनासा होईल एवढं उंच गवत आणि त्यात दडलेली डबकी, अशा जागी ते जोडीने नाही तर छोट्या टोळीने राहायचं. नराचं अंग गडद चॉकलेटी, जवळजवळ काळं, आणि त्यावर मान आणि डोकं गुलाबी. सगळ्यात नवलाची अंडी. बदकाचं अंडं लांबोडकं असतं, याचं मात्र चेंडूसारखं गोल, हस्तिदंती पांढरं.

या पक्ष्याचं शास्त्रीय वर्णन १७९० मध्ये जॉन लॅथम यांनी केलं. तेव्हापासून बहुतेक प्रत्येक जाणकाराने ते दुर्मिळच म्हटलं. मांस काही खास नव्हतं, तरी शिकार व्हायची. कलकत्त्याच्या बाजारात ते विकायला यायचं आणि हौशी श्रीमंत ते पाळायला घेऊन जायचे. पण बंदुकीपेक्षा मोठा घाव गवतावर पडला, असं मला वाटतं. गवताळ रानं तोडून शेतं झाली. हळदीकुंकू त्या शेतांतही उतरलं. गुलाबसिराला उतरायला जागा उरली नाही.

१९३५ साली दरभंगा जिल्ह्यात चार्ल्स इंग्लिस यांनी पाहिलेला पक्षी ही रानातली शेवटची खात्रीची नोंद मानली जाते.

(दृश्य : काळ्या-पांढऱ्या छायाचित्रावर कॅमेरा स्थिर.)

काही पक्षी इंग्लंडमध्ये, पक्षी पाळणारे हौशी आल्फ्रेड एझ्रा यांच्या फॉक्सवॉरन पार्कमध्ये होते, काही फ्रान्समध्ये. तिथे ते जगले, पण त्यांची पिल्लं कधी झाली नाहीत. जिवंत पक्ष्याची छायाचित्रं आहेत ती तिथलीच, १९२० च्या दशकातली, काळी-पांढरी. ज्या रंगावरून नाव पडलं, तोच रंग त्यांत नाही. हा फोटो आम्ही किती वेळा मोठा करून पाहिला असेल, मान फिक्या राखाडी रंगाचीच दिसते.

आययूसीएन ही निसर्गसंवर्धनाची जागतिक संघटना. धोक्यातल्या जीवांच्या तिच्या लाल यादीत गुलाबसिर अजून ‘नामशेष’ नाही. ‘अतिसंकटग्रस्त’ आहे, बहुधा नामशेष झालं असावं अशा शेऱ्यासह. त्या ‘बहुधा’साठी माणसं अजून चिखल तुडवतात. म्यानमारच्या काचिन राज्यात २००३ पासून शोधमोहिमा झाल्या. २०१७ मध्ये एक पथक तिथल्या इंदॉजी सरोवरावर गेलं. हाती काही लागलं नाही. गावकरी मात्र सांगत होते, असं बदक आम्ही पाहिलंय.

आणि इथे आपली दोन्ही बदकं एकमेकांना भेटतात. काचिनमध्ये ‘गुलाबी डोक्याचं दिसलं’ म्हणून जी वर्णनं आली, त्यांतली काही हळदीकुंकवाचीच असावीत, असं २००५ च्या पाहणीत लक्षात आलं. तिथल्या पाणथळीत ते सर्रास आढळतं. दूरवर, उन्हाच्या तिरिपेत, दोन्ही नुसती गडद बदकं दिसतात.

फरक कळतो तो उडताना. पंखाची खालची बाजू पांढरी असेल, तर हळदीकुंकू. फिकी, शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी गुलाबी असेल, तर...

(दृश्य : गवतातून एक बदक अचानक उडतं. चित्र संथ होतं. पंख वर जातो. खालची बाजू पांढरी.)

हळदीकुंकू.

(पंखांचा आवाज. चित्र काळं.)