नववा माणूस

(दृश्य: पंचगंगा घाट, मे महिन्यातली सकाळ. पायऱ्यांवर रबरी बोटीत हवा भरली जातेय.)

पाऊस अजून लांब आहे. घाटाच्या पायऱ्या कोरड्या आहेत, आणि पूर बचाव पथकाची रंगीत तालीम सुरू आहे.

तालीम म्हणजे काय, हे कोल्हापूरला सांगायला नको. लाल मातीत घाम कितीही गाळा, पैलवान कळतो तो मैदानात. पण महापुराच्या मैदानात हरला, तर बुडतो दुसराच कोणीतरी. म्हणून परीक्षा आधीच घ्यायची.

(दृश्य: राजाराम बंधारा, पाणीपातळीची पट्टी.)

इथं ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ मध्ये ५६ च्याही वर. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला. मग पुण्याहून निघालेली मदत पोचायची कशी? तोवर चिखली-आंबेवाडीत जे काही करायचं, ते इथल्याच पोरांनी.

त्यांना जोखायचं कसं? बोटी मोजा, जॅकेटं मोजा, प्रमाणपत्रं मोजा. सोपं आहे, आणि कागदावर छान दिसतं. पण रात्री, भर पावसात, बोट पाण्यात जायला किती मिनिटं लागतात? पंख्यात केंदाळ अडकलं तर ते कोण काढतो, आणि तेवढ्या वेळात बोट कोण सावरतो? दोरी पहिल्या फेकीत हाताला लागते का? बोटीखाली कुणाच्या कंपाउंडची भिंत आहे, विजेची तार कुठून गेलीय, हे नकाशा न बघता सांगता येतं का? संथ पाण्यात हे काहीच कळत नाही.

दुष्काळाच्या पथकाची परीक्षा वेगळीच. २०१६ ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं. तिथं दोरी नाही, हिशेब लागतो: खेपा किती झाल्या, क्लोरीन पडलं का, शेवटच्या वस्तीवर टँकर गेला का. पण ती गोष्ट पुन्हा कधीतरी.

(दृश्य: कृष्णाकाठ. आवाज नाही.)

८ ऑगस्ट २०१९. शेजारच्या सांगली जिल्ह्यात, ब्रह्मनाळला, माणसांनी खच्चून भरलेली बोट उलटली. त्यात लहान मुलंही गेली. पुरात अडकलेला माणूस रांग लावून थोडाच चढतो?

(दृश्य: पुन्हा घाट. गावकऱ्यांच्या भूमिकेतले स्वयंसेवक बोटीकडे धावतात.)

म्हणून आज परीक्षकानं एक खोडी काढलीय. या बोटीत आठच जण न्यायचे, असं ठरलंय. पायरीवर मात्र बारा जण उभे केलेत. एक आजी म्हशी सोडून यायला तयार नाही. एक बाप मुलाला पुढं ढकलतोय. पथकातला सगळ्यात तगडा गडी, मघाशी दोरी अचूक फेकणारा, नवव्याला हात द्यायला वाकतो.

मागून नाखवा त्याचा खांदा धरतो.

"आठ झाले, दादा. तुम्ही थांबा. मी परत येतोय."

परीक्षक वहीत काहीतरी लिहितो. इंजिन सुरू होतं.