लंडनला निघायच्या पंधरा दिवस आधी

(काचेची जमीन, वरून)

पायाखाली काच आहे. काचेच्या खाली दिसतायत ते संगमरवरी खांब आग्र्याच्या किल्ल्यातले, तिथल्या हमामाचे. सतराव्या शतकातले.

हे पूर्व लंडनमधलं व्ही अँड ए ईस्ट स्टोअरहाउस. म्हणजे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट (व्ही अँड ए) या संग्रहालयाचं कोठार. 31 मे 2025 पासून ते सगळ्यांसाठी उघडं आहे, तिकीट नाही. अडीच लाखांहून जास्त वस्तू या मांडण्यांवर आहेत.

(मोबाइलवर संकेतस्थळ)

आता हे नीट बघा, कारण इथेच आपली माणसं मागे राहतात. कोठारातली वस्तू आपल्याला मागवता येते. संकेतस्थळावर शोधायची, एका भेटीला जास्तीत जास्त पाच निवडायच्या, तारीख घ्यायची. पण किमान दोन आठवडे आधी. विमानातून उतरल्यावर सुचून उपयोग नाही. शोधताना गावांची जुनी नावंही टाका. ‘पुणे’ टाकून हाती काही लागलं नाही तर ‘पूना’ टाका, मुंबईसाठी ‘बॉम्बे’.

आणि एखाद्या वस्तूसाठीच जात असाल, तर ती जागेवर आहे ना, ते आधी बघून घ्या. वाघनखं याच संस्थेची. पण 2024 च्या जुलैत ती तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली, सर्वांत आधी साताऱ्याला.

(अभ्यासिकेतलं टेबल)

आमची वेळ झाली. पातळ पांढरा कागद बाजूला होतो. आत जरीकाठाचं वस्त्र. जरीची तार काळवंडलीय, पण काठाची वीण बघा. आणि इथे, कोपऱ्यात, कुणीतरी केलेलं बारीक रफू. भिंतीवरच्या काचेआडून हे दिसलं नसतं.

हे इथे आलं कसं? ईस्ट इंडिया कंपनीचं लंडनमध्ये स्वतःचं संग्रहालय होतं. 1879 मध्ये ते मोडलं आणि त्यातला मोठा भाग व्ही अँड एच्या पूर्वीच्या संस्थेकडे, साउथ केन्सिंग्टनला गेला. 1851 च्या लंडनच्या जागतिक प्रदर्शनातूनही भारतीय कापड विकत घेतलेलं होतं. या संग्रहात खरेदी आहे, भेटी आहेत, लूटही आहे.

सहलीच्या बसमधून एका तासात मोठं संग्रहालय धावत बघण्यापेक्षा एक सकाळ इथे राखून ठेवा. हॅकनी विक स्टेशनवर उतरा, पुढे चालत.

(हातमोजे घातलेले हात)

घडी जुन्याच रेषांवर पडते. आधी काठ आत, मग पदर.